झाकण, कडी आणि आपली राखण



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, तेव्हा लोकांनी मोठमोठ्या विषयांचा विचार करावा हा त्यांचा हेतू होता. त्या परंपरेतल्या व्यासपीठावर उभे राहून आम्ही आज मोडक्या झाकणाविषयी बोलणार आहोत. विषयाचे नाव ऐकून काही मंडळी मघाशी हसली. त्यांचा आम्हाला राग नाही. परंतु या मांडवात बसलेल्यांपैकी ज्याच्या घरात एकही झाकण तुटलेले नाही, एकही यंत्र दोरीने बांधलेले नाही, रिमोटच्या पाठीला चिकटपट्टी नाही, असा गृहस्थ असेल तर त्याने हात वर करावा. आम्ही त्याची क्षमा मागून खाली बसू.

कोणी हात वर केला नाही. तेव्हा पुढे बोलायला हरकत नाही.

आपल्या भाषेत दार बंद करण्याच्या साधनांना शब्दांची वाण नाही. कडी आहे, कोयंडा आहे, खिट्टी आहे, अडसर आहे, आगळ आहे. या भागातल्या जुन्या वाड्यांची दारे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, आगळ म्हणजे भिंतीच्या पोटात सरकवून ठेवलेले जाड लाकूड. रात्री ती ओढली की दार आणि भिंत एक होत असे. कडी लोखंडाची, लोहाराने घणाखाली घडवलेली. ती झिजे, वाकडी होई, पण सहसा तुटत नसे. आणि तुटलीच तर तिचा धनी गावातच होता. खळ्यावर धान्याच्या राशीतून सुतार-लोहाराला बलुते मिळे ते वर्षभर औते, गाड्या आणि दारे चालती ठेवण्याबद्दल. एकेका दुरुस्तीचा हिशेब मांडला जात नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. तिचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. बलुत्याच्या गळ्यात जातीचे जोखड होते, आणि ते जोखड मोडले हे उत्तमच झाले. परंतु त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वस्तू टिकली तर कारागिराचे नुकसान नव्हते. आज मात्र तुमची वस्तू टिकली तर विकणाऱ्याचे नुकसान आहे. झाकणाची सगळी कथा या फरकातून सुरू होते.

आता घरातली झाकणे पाहू. आमच्या मते ती तीन जातींची आहेत, आणि दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपल्या हातातले झाकण कोणत्या जातीचे आहे हे ओळखणे ही पहिली पायरी होय.

पहिली जात नुसत्या झाकण्याची. रेडिओच्या सेलावरचे झाकण, विजेरीचा मागचा भाग, कपडे धुण्याच्या यंत्रातला साबणाचा कप्पा. यांचे काम धूळ अडवणे आणि आतली वस्तू जागेवर ठेवणे एवढेच असते. दुसरी जात काहीतरी कोंडून धरण्याची. फ्रिजचे दार गारवा कोंडते, कुकरचे झाकण वाफ कोंडते. तिसरी जात राखणीची. मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र, मायक्रोवेव्ह यांची झाकणे आत चाललेल्या क्रियेपासून माणसाला दूर ठेवतात. पहिल्या जातीवर हवे ते प्रयोग करावेत. दुसरीवर विचारपूर्वक करावेत. तिसरीवर काय करावे आणि काय करू नये, हे आम्ही फार मोल देऊन शिकलो आहोत. ते शेवटी सांगतो.

झाकणाची जीभ तुटते कशी? आपण समजतो की ती जोर लावल्यामुळे तुटली. वस्तुतः ती त्या दिवशी तुटलेली नसते. प्लॅस्टिकची जीभ दर वेळी उघडताना थोडी वाकते आणि परत येते. जिथे ती झाकणाला जोडलेली असते तो कोपरा जर काटकोनात, धारदार ठेवलेला असेल, तर सगळा ताण त्या एका रेषेवर गोळा होतो. तिथे केसाएवढी चीर पडते. मग प्रत्येक वाकण्याबरोबर ती पुढे सरकते. त्यात तेलाचे हात, साबणाचे पाणी आणि उन्हाचा मारा यांची भर पडते. आपल्या परभणीकडचा वैशाख काय असतो ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. खिडकीशी ठेवलेले यंत्र दोन-चार उन्हाळ्यांत पिवळे पडते आणि ठिसूळ होते. तोच कोपरा कारखान्यात जरासा गोल ठेवला असता तर जीभ कितीतरी वर्षे अधिक टिकली असती. आणि गोल ठेवायला खर्चही फारसा येत नाही.

म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा की, चीर दिसली की लगेच थांबवावी. चिरेचे टोक जिथे संपते तिथे दोन मिलिमीटरचे बारीक भोक पाडावे. धारदार टोकाच्या जागी गोल भोक आले की ताण वाटला जातो आणि चीर पुढे जात नाही. लोखंडी पत्र्याच्या चिरेला कारागीर हेच करतात.

दुसरा नियम, प्लॅस्टिकची जात ओळखल्याशिवाय डिंक लावू नये. झाकण उलटे करून आतल्या बाजूला पाहावे. पुष्कळदा तिथे बारीक अक्षरे कोरलेली असतात. ‘एबीएस’ असेल तर तुमचे नशीब चांगले. हे टणक, किंचित चकचकीत प्लॅस्टिक डिंक धरते. दुकानात मिळणारा झटपट चिकटणारा डिंक यावर चालतो, आणि एसीटोन या द्रवात ते विरघळत असल्यामुळे त्याचेच तुकडे विरघळवून खळ करता येते व भेग भरता येते. परंतु त्रिकोणात ५ हा आकडा किंवा ‘पीपी’ अशी अक्षरे असतील तर ते पॉलिप्रोपिलीन होय. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असतो आणि साधा डिंक त्याला धरतच नाही. अनेक गृहस्थ एकामागून एक नळ्या संपवतात आणि डिंकवाल्याला शिव्या देतात. दोष डिंकाचा नसतो. अशा झाकणाला शिवावे लागते किंवा रिवेट मारावे लागते. भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडून त्यांतून तांब्याची तार ओवावी आणि आतून पीळ द्यावा. किंवा जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्याची बोटभर पट्टी कापून, कडा घासून, दोन रिवेटांनी ठोकावी. दिसायला ते झाकण ठिगळ लावलेल्या धोतरासारखे दिसेल, पण चालेल.

दोन नळ्यांतले मिश्रण करून लावायचा इपॉक्सी डिंक हा त्याहून बळकट. पण त्याला तीन गोष्टी लागतात. जागा काचकागदाने खरवडलेली हवी, तेलकटपणा स्पिरिटने पुसलेला हवा, आणि पुरते चोवीस तास हात लावता कामा नये. तिसरी गोष्ट आपल्या घरात कोणालाच साधत नाही. पाच मिनिटांत ‘चिकटलं का?’ म्हणून बोट लावणारा एक तरी घरात असतोच. आणि एक पथ्य : मिक्सरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे अन्न लागते तिथे, यातला कोणताही डिंक लावू नये. तिथे नवे झाकण आणावे.

बिजागरीची खीळ तुटली तर त्यावर सायकलच्या आऱ्यासारखा उपाय नाही. आरा साधारण दोन मिलिमीटर जाडीचा, सरळ आणि चिवट पोलादाचा असतो. सायकलच्या दुकानात तो सहज मिळतो. तुटलेल्या प्लॅस्टिकच्या खिळीच्या जागी भोक सरळ करून आरा आरपार घालावा आणि टोक वाकवावे. कडीची कमान गेली असेल तर जुन्या बॉलपेनातली स्प्रिंग पुष्कळदा तिथे बसते. या कामाला मोठी हत्यारे लागत नाहीत. कानस, पक्कड, हातड्रिल, काचकागद आणि थोडा धीर एवढे पुरते.

पहिल्या जातीत एक अपवाद मात्र गंभीर आहे. लहान रिमोटमध्ये, मुलांच्या वाजणाऱ्या खेळण्यांत, वजनकाट्यात रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्याचे झाकण सैल झाले की सेल बाहेर पडतो, आणि रांगते मूल तो तोंडात घालते. घशात अडकलेला असा सेल दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. तेव्हा ज्या खेळण्याच्या या झाकणाचा स्क्रू हरवला आहे ते खेळणे आज घरी गेल्याबरोबर उंच ठेवा, आणि उद्या स्क्रू बसवा. दिसायला नुसते झाकण, पण काम राखणीचे.

आता दुसरी जात. फ्रिजच्या दाराला आज कडी नसते, लोहचुंबकाची पट्टी असलेले रबर असते. हे असे का झाले याची कथा या सभेने ऐकावी. पूर्वीच्या फ्रिजला बाहेरून अडकणारी धातूची कडी असे. लपंडाव खेळताना मुले टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये शिरत, दार बंद होई, कडी आतून उघडत नसे, आणि हवाबंद पेटीत मुले गुदमरून मरत. अमेरिकेत असे इतके घडले की तिथे १९५६ साली खास कायदा झाला आणि १९५८ पासून आतून ढकलून उघडता येईल असेच दार बसवणे बंधनकारक झाले. चुंबकाचे रबर सर्वत्र रूढ झाले त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा ज्यांच्या फ्रिजचे दार नीट लागत नाही, आणि ज्यांनी त्याला बाहेरून कडी-कोयंडा ठोकला आहे, त्यांनी तो आज काढावा. दार सैल झाले असेल तर दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट सहज निघाली तर तिथे रबर चिकटत नाही. साबणाच्या पाण्याने रबर पुसा. दबून वाकडे झाले असेल तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके काही वेळ धरून मऊ करा आणि हाताने जागेवर आणा. बऱ्याचदा एवढ्याने भागते. नाहीच भागले तर नवे रबर मिळते. फ्रिज बदलावा लागत नाही.

कुकरच्या बाबतीत एकच सांगतो. रबर आणि सुरक्षा झडप या दोन वस्तूंत काटकसर नको. झडपेच्या जागी स्क्रू बसवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. ती झडप वितळून जाते ती बिघडली म्हणून नव्हे, तुमच्यासाठी ती जीव देते.

आता तिसरी जात. स्वयंपाकघरातल्या यंत्रांमध्ये मिक्सर आपल्या मातीतला म्हणावा असा आहे. विलायती मिक्सर आपल्या डाळीने आणि सुक्या खोबऱ्याने जळत, तेव्हा १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याने ‘सुमीत’ हा भारतीय वाटणाला पुरा पडणारा मिक्सर घडवला. यंत्र आपल्या कामासारखे करून घेता येते, हा त्यातला धडा. परंतु गरम डाळ भांड्यात घालून फिरवली की वाफ दाटते आणि झाकण उडते. तिथे झाकणाच्या कडीला दोष देण्यापूर्वी डाळ निवू द्यावी.

पुढून उघडणाऱ्या धुलाईयंत्राविषयी एक गंमत सांगतो. धुणे संपल्यावर त्याचे दार एक-दोन मिनिटे उघडत नाही. आत एक लहानसा तापणारा भाग दोन धातूंच्या पट्टीला वाकवून कडी धरून ठेवतो; तो निवल्यावर कडी सुटते. ही योजना मुद्दाम केलेली आहे. परंतु आपल्याला तेवढा दम नसतो. आपण मूठ ओढतो, पुन्हा ओढतो, आणि मूठ हातात येते. धुलाईयंत्राच्या कितीतरी मुठी अशा घाईने मोडतात. त्यांची दुरुस्ती घड्याळाकडे पाहण्याने होते.

मायक्रोवेव्हच्या दाराला मात्र घरी हात लावू नये. त्याच्या कडीमागे दोन-तीन बटणे एकमेकांवर पहारा करीत असतात. दार किंचित उघडे राहिले तरी लहरी थांबाव्यात अशी ती योजना असते. त्यातले एक बटण तर दुसऱ्याने दगा दिल्यास फ्यूजच उडवते. शिवाय वीज काढल्यावरही आतल्या धारित्रात काही काळ प्राणघातक दाब साठलेला राहतो. दाराची काच तडकली, बिजागरी सैल झाली, कडी मोडली, तर ते यंत्र जाणकाराकडे न्यावे. यात भित्रेपणा नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. आमच्या घरी दोन डब्यांचे धुलाईयंत्र आहे. एका डब्यात धुणे, दुसऱ्यात पिळणे. पिळण्याच्या डब्याचे झाकण बिजागरीपाशी तुटले. या झाकणाला एक जीभ असते. झाकण लावले की ती आतली एक दांडी दाबते; त्याने वीजही सुरू होते आणि ब्रेकही सुटतो. झाकण उचलले की वीज जाते आणि ब्रेक लागतो. आम्ही जीभ मिळेल का म्हणून चौकशी केली. उत्तर आले की जीभ सुटी मिळत नाही, सगळा वरचा भाग घ्यावा लागेल. किंमत ऐकून आम्ही परत आलो. आणि मग आम्ही ती गोष्ट केली जी या मांडवातल्या निम्म्या घरांनी केली असेल : आगपेटीच्या काड्या जुळवून त्या दांडीखाली पाचर ठोकली. यंत्र झाकणाशिवाय फिरू लागले. आम्ही फार खूश झालो. शेजाऱ्यांनाही युक्ती सांगितली.

तीन आठवड्यांनी आमच्या थोरल्या वहिनींनी डबा थांबला असे समजून कपडा काढायला हात घातला. डबा थांबला नव्हता. तो मिनिटाला हजारावर फेरे घेतो, आणि ब्रेक आमच्या पाचरीने उघडा ठेवला होता. ओला कपडा हाताभोवती गुंडाळला गेला. दोन बोटे मोडली. मनगट वाचले ते त्यांनी दुसऱ्या हाताने बटण ओढले म्हणून. आजही त्यांची करंगळी पुरती मिटत नाही.

त्या आम्हाला रागावल्या नाहीत. दवाखान्यातून आल्यावर एवढेच म्हणाल्या, “भावजी, मोडलेलं तसंच राहू दिलं असतं, तर मी पिळे हातानं घातले असते. तुम्ही मशीनला खोटं बोलायला शिकवलं.”

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. दुरुस्ती आणि जुगाड यांतला भेद त्यात आहे. जे काम झाकण करीत होते ते पुन्हा त्याच्याकडून करवून घेणे ही दुरुस्ती. काम न करवता, झाले आहे असे यंत्राला भासवणे हे जुगाड. पहिल्या जातीच्या झाकणावर जुगाड चालते. तिसऱ्या जातीवर त्याची किंमत दुसरा कोणीतरी भरतो, आणि बहुधा ती घरातली बाई असते, कारण यंत्राशी हात तिचाच असतो.

पुढे आम्ही काय केले तेही सांगतो. पाचर त्याच दिवशी काढली. झाकणाच्या बिजागरीत सायकलचा आरा घातला. तुटलेल्या जिभेच्या जागी ॲल्युमिनियमची पट्टी मोजून कापली, दोन रिवेटांनी बसवली, आणि मग रिकामा डबा फिरवून पंचवीस वेळा झाकण उचलून पाहिले. प्रत्येक वेळी डबा काही सेकंदांत थांबला. त्यानंतरच कपडे घातले. खर्च चहाच्या दोन कपांएवढा आला. म्हणजे बोटे मोडण्याआधीही तो तेवढाच आला असता. हे आम्हाला सर्वांत अधिक बोचते.

परंतु सगळा दोष आपल्यावर घेऊनही भागत नाही. अंगठ्याएवढ्या जिभेसाठी सगळा वरचा भाग का घ्यावा? युरोपात १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी धुलाईयंत्राचे दार, त्याची बिजागरी, रबर आणि कडीचा संच किमान दहा वर्षे सुटा मिळालाच पाहिजे असे ठरवले. फ्रिजच्या मुठी आणि बिजागऱ्या सात वर्षे, रबर दहा वर्षे. म्हणजे तिथल्या कायद्याने कडीचे आणि बिजागरीचे नाव घेतले आहे; आम्ही या व्यासपीठावर त्यांचे नाव घेतले तर बिघडले कुठे? आपल्या देशातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती यंत्रे आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. सुरुवात झाली आहे. पण वरून हक्क मिळतो तो खालून मागणी असेल तर टिकतो.

ती मागणी आपण दुकानातच करावी. यंत्र घेताना आपण रंग विचारतो, हप्ता विचारतो. यापुढे तीन प्रश्न आणखी विचारा : याचे झाकण सुटे मिळते का? कडी सुटी मिळते का? परभणीत मिळते की मुंबईहून येते? दुकानदार चमकेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो कंपनीला विचारील.

आणि गावापुरते एक काम. नेदरलँड्समध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ साली ॲम्स्टरडॅमला एक बैठक भरवली. लोकांनी मोडक्या वस्तू घेऊन यायचे, जाणकारांनी शेजारी बसून त्या नीट करायला शिकवायचे. त्याच्या शाखा आज जगभर आहेत, बंगळूरलाही तसे काम झाले. झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचे गाव. बाजार आहे, सायकलवाले आहेत, वेल्डिंगवाले आहेत, परभणीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेली मुलेही असतील. महिन्यातून एक रविवार, शाळेचा एक वर्ग, चार बाकडी. पहिल्या दिवशी फक्त पाचरी काढायच्या. ज्या ज्या यंत्रात काडी, कागद, चिंधी कोंबून पहारा बंद केला आहे, ती ती घेऊन यायची, आणि मोजून पट्टी बसवून न्यायची.

आम्ही आमचे हत्यारांचे खोके घेऊन येऊ. वहिनीही येणार आहेत. झाकण उचलल्यावर डबा खरोखर थांबतो की नाही, ते तपासायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. आणि त्या पंचविसावर भागवीत नाहीत, पन्नास वेळा पाहतात.